पास्कूमामाचं नाव

२६ ऑक्टो. १९९०, शुक्र.
मिस्सानंतर चर्चच्या दारात कागद वाटत होते. दोन तारखेला मृतांचा दिवस. घरच्या मेलेल्यांची नावं लिहून द्यायची, फादर मिस्सात वाचणार. पप्पा, आजा, आजी लिहिलं. मग पास्कूमामा. आयचा धाकटा भाऊ. जपानी ब्रह्मदेशात घुसले तेव्हा आयच्या घरचे रंगूनहून पायी निघाले. वाटेत चार वर्षांचा पास्कू तापाने फणफणला, एका बर्मी बाईने ठेवून घेतला. "परत येऊ" म्हणून निघाले, ते आजतागायत. तिकडे वसईत सगळ्या नातलगांना ही गोष्ट पाठ. पण अठ्ठेचाळीस वर्षं झाली! बिचाऱ्याच्या नावाने कुणी एक मिस्सा दिला नाही. आयला सांगितलं नाही. ऐकून बरं वाटेल तिला.

२ नोव्हें., शुक्र.
बरं वाटलं म्हणे! कसलं काय.
फादरनी "पास्काल" वाचलं आणि आय उठली. भर मिस्सात. चप्पल ओढत थेट बाहेर. मी मागे धावले. चर्चच्या भिंतीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, "कुणी सांगितलं तुला तो मेला म्हणून?"
 घरी येताना सिग्नलला मी "सॉरी आय" म्हटलं तर तोंड फिरवलं.

५ नोव्हें.
तिसरा दिवस, अबोला चालूच. लेकीशी, शॅरनशी बोलते, बस्त्यावशी बोलते, मी दिसले की माळ काढून जप. माझ्याच ऑपरेशनसाठी जुलैत वसईहून इथे आखातात आली, माझीच सेवा केली, आता मीच वैरीण. बस्त्याव म्हणतो, "म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नकोस." त्याला काय जातं म्हणायला. नवरा आहे, जावई आहे, त्याला सगळं माफ.

१ डिसें., शनि.
इराकला १५ जानेवारीची मुदत. तोवर कुवेत सोडलं नाही तर लढाई. हॉस्पिटलात आज दुसरा विषयच नाही. आमच्या रेकॉर्ड्स विभागातली एक फिलिपिना राजीनामा देऊन चालली. मला म्हणाली, "तू कशाला थांबलीस?" कशाला म्हणजे? दोघांच्या नोकऱ्या इथे. माझी लीव्ह बंद, बस्त्यावची बंद.
आय आता बोलते माझ्याशी. पण मोजून, पाहुणीसारखी.

९ डिसें.
बस्त्यावला कंपनीत गॅसचा मुखवटा मिळाला. एक. शिफ्ट संपवून आला, टेबलावर ठेवला. शॅरनने लगेच तोंडाला लावला आणि आरशासमोर नाचायला लागली, "लुक ममा, आय ॲम अ फ्लाय!" आम्ही हसलो.  माणसं चार, मुखवटा एक.
तो शॅरनच्या कपाटात ठेवला. 

२३ डिसें., रवि.
नाताळच्या फराळाची कुलकुल करायला बसलो. आय, मी, शॅरन. आय फणीवर पीठ वळत होती, मध्येच थांबली. "आजचाच दिवस," म्हणाली. मला आधी कळेचना.
रंगूनमध्येही कुलकुलच करत होते. नाताळाला दोन दिवस राहिलेले. आजा रेल्वेत फिटर, कामावर गेलेला. विमानं आली तर गल्लीतली माणसं भ्यायची सोडून बाहेर येऊन बघत उभी. "एवढी विमानं कधी कुणी बघितली होती? आम्हीपण बघत होतो. पास्कू टाळ्या वाजवत होता." मग बॉम्ब पडायला लागले. आजीने तळणाची कढई तशीच चुलीवर टाकली. आय तेव्हा बारा वर्षांची.
चाळीस वर्षांत माझ्यासमोर हे बोललेली नाही. मी हळूच विचारलं, "आणि ती बर्मी बाई कशी होती गं?"
"तेल तापलंय, बघ," म्हणाली. खलास. तिथेच संपलं.

६ जाने. १९९१, रवि.
तिकिटं मिळाली! बस्त्याव ट्रॅव्हल एजंटाच्या दारात दोन दिवस ठाण मांडून होता. १२ तारीख, शनिवार, मुंबई. आय आणि शॅरन. आयचा व्हिजिट व्हिसाही संपतोच आहे. ह्युबर्टदादा एअरपोर्टवर घ्यायला येईल. आम्ही दोघं इथे, जे होईल ते होवो. पोर सुटली म्हणजे झालं.
बाथरूमच्या खिडकीला टेप लावली. सायरन झाला तर तिथे बसायचं, दाराखाली ओला टॉवेल. किती वेळ, ते कुणालाच माहीत नाही.

९ जाने., बुध.
आय म्हणते शॅरनला नेणार नाही.
"मी एकटी जाते. नायतर इथेच राहते. पण पोरीला माझ्याबरोबर पाठवू नको."
मी आधी समजावलं. म्हटलं, चार तासांचं विमान, शॅरन शहाणी आहे. मान हलवत राहिली. मग माझं डोकं फिरलं. बोलले, नको ते बोलले. एका नावासाठी तू माझ्या मुलीवर राग काढतेस? उद्या इथे गॅस आला तर तुझ्या मनाला शांती मिळेल? आय ऐकून घेत होती. ती उलट बोलली असती तर बरं झालं असतं.
संध्याकाळी रेडिओवर, इराकशी बोलणी फिसकटली. बस्त्यावने रेडिओ बंद केला, शॅरनचा गृहपाठ घेत बसला. एकच बेरीज त्याने तीनदा चुकवली. सात वर्षांच्या पोरीच्या बेरजा, आणि बापाला जमेनात. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

११ जाने., शुक्र.
बस्त्याव शिफ्टला, शॅरन खाली खेळायला. मी शॅरनची बॅग भरत होते. आय येऊन पलंगावर बसली.
"बर्मी बाई नव्हती," म्हणाली.
मी फ्रॉकच्या घड्या घालत राहिले.
रंगूनहून निघाल्यावर प्रोम गावाच्या पुढचा डोंगर. आजीला ताप, आजा तिला धरून पुढे. पास्कू आयच्या हवाली. तो चालेना, कडेवर घ्यावं तर तिच्यात जीव नाही. रस्त्याच्या कडेला माणसं मरून पडलेली. एका झाडाखाली त्याला बसवलं. "पाणी घेऊन येते, इथून हलू नको," म्हणाली. तो "हो" म्हणाला. ती पुढे गेली. पाणी मिळालंसुद्धा, पण मागे फिरली नाही. रात्रीच्या मुक्कामाला आजाने विचारलं, पास्कू कुठे? तिने बर्मी बाई सांगितली. चांगली होती, घर होतं, दूध दिलं त्याला.
"आजाने मरेपर्यंत रंगूनला पत्रं टाकली. त्या बाईचा पत्ता शोधायला. मी शेजारी बसून पाकिटं चिकटवायची."
 बारा वर्षांची पोर होतीस गं, मी म्हटलं.
"बारा वर्षांची म्हणजे कळतं," आय म्हणाली. "त्या दिवशी फादरनी नाव वाचलं. मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं." मग डोळे पुसून सरळ माझ्याकडे बघत, "तुझ्यावर राग नाय, बाय. मला माझा भरवसा नाय. एअरपोर्टवर गर्दी झाली, पळापळ झाली, तर मी काय करीन मला ठाऊक नाय. आता तूच ठरव. पाठवतेस?"
मी उरलेले फ्रॉक उचलले. बॅग भरली.

१२ जाने., शनि. दुपार
बस्त्यावला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो तिकीट फाडेल, किंवा हसेल. दोन्ही मला नको.
सकाळपासून मनात तेच. आय माझी आई आहे. शॅरन पाच दिवसांची असताना काविळीने पिवळी पडली, तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसणारी हीच. आणि डोंगरात पुढे निघून गेलेलीही हीच. आणि इथे ठेवावी तर टेप लावलेलं बाथरूम आणि एक मुखवटा. देवा, यातलं एक निवड म्हणतोस मला?
टॅक्सी यायला वीस मिनिटं. बस्त्याव बॅगा खाली नेतोय. आय दाराशी उभी. विचारत नाही, पण वाट बघतेय.
शॅरन एका पायात मोजा घालून बसली आहे. "ममा, ॲम आय गोइंग ऑर नॉट?"
म्हटलं, शूज घाल. बाकीचं एअरपोर्टवर बघू.