किडकं वांगं आधी दाखवायचं

आणि बाबा, त्या दिवशी तरी तुम्ही गप्प बसायला हवं होतं. सेलूच्या बाजारात बाई आपल्याच ढिगापुढे बसलेली, चांगली दोन किलो वांगी निवडून झालेली, मी तराजू उचललेला, वरून टाकायला सांबाराच्या, इकडे पुण्यात कोथिंबीर म्हणतात, चार काड्याही हातात घेतलेल्या. आणि तुम्ही पारड्यातलं एक वांगं फिरवून तिला छिद्र दाखवता. "हे किडकं हाय बाई, दुसरं घ्या." तिला सगळ्या ढिगाचाच संशय आला, ती उठून शेजारच्याकडे गेली. गावी परतताना हिंगणीपर्यंत मी राग दाबून चाललो. मग भडकलोच. "काऊन दाखवलं? तिले दिसलं नसतं ना!" तुम्ही म्हणालात, "बाई घरी जाऊन वांगं चिरन, तवा आपन तिथं नसतो बे समजावाले. आत्ता समोर हावो, आत्ताच बोलून टाकाचं." मला पटलं नाही. आठवीतून शाळा सोडली, पुढे घर सोडलं, तुम्हीही गेलात, तरी पटलं नव्हतं.

आता मी पुण्यात दुचाकी दुरुस्तीच्या मोठ्या दुकानात काउंटरवर असतो. त्याआधी किती नोकऱ्या धरल्या नि सोडल्या, विचारू नका. माझा पाय ठरत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. यंदा आपल्या वर्ध्याकडचे आयटीआयचे पोट्टे शिकाऊ म्हणून आले. हात लय चांगले, पण गिऱ्हाईक समोर आलं की नजर जमिनीवर. मालक मला म्हणाले, "तू बोलतोस बरा, यांना सॉफ्ट स्किल शिकव. महिन्यात गिऱ्हाइकाशी बोलता आलं नाही तर सगळे परत जातील." मी आणि मास्तर! पण लागलो. जेवण झालं की मी गिऱ्हाईक व्हायचो आणि त्यांच्यावर ओरडायचो. मध्ये तोंड घालायचं नाही. मोबाइल खिशात. 'होऊन जाईल' म्हणायचं नाही, कधी होईल ते सांगायचं. पोट्टे हसायचे, "दादा, तुमी तं खऱ्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त शिव्या देता!"

त्यात रोहणा गावचा एक होता, हाताने सगळ्यांत सरस, तोंडाने मुका. महिना संपत आला नि त्याच्या हातून पाना निसटला, नव्याकोऱ्या स्कूटरवर लांब ओरखडा. शेजारचा कुजबुजला, "पालिश मार बे, त्याले काय दिसते!" मालक काचेआडून पाहतायत. पोरगा माझ्याकडे पाहतोय, कपडे आवरून गावाकडे निघाल्यासारखा चेहरा. मी म्हणालो, "तो घरी जाऊन पाहीन, तवा तू तिथं नसशीन. आत्ताच सांग. पॅनल दुकान बदलून देईन, मी बोलतो मालकाशी."

तो गाडीवाल्याकडे गेला. "सर, आधी इकडं या. हा ओरखडा माझ्या हातून पडला." माणूस पेटलाच. "डोळे कुठे होते तुझे? महिना नाही झाला गाडी घेऊन!" पोरगा समोर बघत उभा, मध्ये एक शब्द नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पॅनल बदलून देतो, सर. परवा संध्याकाळी. मी सोता फोन करतो." फोन केलाही. गाडी न्यायला आलेला तोच माणूस मालकाला म्हणाला, "पुढच्या वेळी माझी गाडी याच पोराकडे द्या."

सगळे राहिले, बाबा! एकही परत गेला नाही. पुढच्या वर्षी आणखी येणार, नि त्यांना शिकवणार कोण, तर मी. त्या रात्री पोट्ट्यांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. रोहण्याच्या त्या पोरानं विचारलं, "दादा, हे तुमाले कोनं शिकवलं?" मी ऐटीत सांगितलं, "अनुभवानं." तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही बरोबर होता, हे म्हणायला जीभ अजून वळत नाही, म्हणून लिहितोय. टाकायला पत्ता नाही हे बरंच आहे. शिकवणीचे म्हणून मालकाने पगारावर वेगळे दिलेत, बोलण्याची माझी पहिली कमाई. तिला हात लावला नाही. आजच आईकडे पाठवतोय, सगळे तीन हजार रुपये.