सात नंबरचं मशीन

२० जानेवारी १९९७, सोमवार
कॉलेजात बारा मशीन आली. एकालाही फ्लॉपी ड्राइव्ह नाही. ऑर्डरच माझी तशी होती. डीलरने तीनदा फोन करून विचारलं, तीनदा हो म्हटलं. पोरं घरून फ्लॉपी आणतात, फ्लॉपीतून व्हायरस आणतात. घालायला जागाच नसेल तर व्हायरस शिरणार कुठून? बाकी जिल्हा तेरा-तेरा फ्लॉप्या घालून विंडोज चढवत बसलाय. आपल्या भडगावात एक वायर. मशीन जागं झालं की मुख्य मशीनला, म्हणजे सर्व्हरला, हाक मारणार (फ्लॉपी ड्राइव्ह काय तो त्यालाच), सर्व्हर वायरीतून विंडोज पाठवणार. पुण्याला पाच दिवसांचं ट्रेनिंग उगाच नाही केलं. फक्त प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डात एक छोटी चिप बसवायची. चिप्स कुरियरने येतील.
१५ मार्चला बावीस मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा. प्राचार्य रुपचंद नानांनी विचारलं, लीलाधर, होईल ना? म्हटलं, झेंडावंदनाच्या आत.
संकल्प: कोणावर चिडायचं नाही. रोज गिरणा नदीपर्यंत फिरायला.

२७ जानेवारी
झेंडावंदन झालं. चिप्स आल्या नाहीत. यात माझा काय दोष? फिरायला गेलो नाही. थंडी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
चिप्स आल्या! लांबट, काळ्या, दोन्ही बाजूंना पाय. एका टोकाला अर्धगोल खाच. चिमट्यात धरायला असावी. वरची अक्षरं आपल्याला सुलट वाचता येतील अशा बसवत गेलो. साधं डोकं लागतं.
कनीज मध्ये बोलली. हाशम टेलरची मुलगी, टायपिंगला सगळ्यांत वेगवान. सर्टिफिकेट आण, कॉम्प्युटरवर घेतो, असा शब्द तिला चाळीसगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याने दिलाय, म्हणून जरा जास्तच उत्साह. म्हणे, सर, सॉकेटलाही खाच आहे. अब्बा बाहीला आणि खांद्याला छोटी कात्री मारून ठेवतात, खाचेला खाच लागली नाही तर बाही उलटी बसते. मी म्हटलं, हा कॉम्प्युटर आहे, ब्लाऊज नव्हे. वर्ग खूप हसला. हा विनोद लक्षात ठेवावा.
नानांनी खाली बोलावलं म्हणून गेलो. परत येतो तर सात नंबरची चिप हिने बसवून झाकणाचे स्क्रूसुद्धा आवळलेले. फैलावर घेतलं. विद्यार्थ्यांनी आतल्या भागांना हात लावायचा नाही. आता परत कोण उघडत बसणार? राहू दिलं.

१३ फेब्रुवारी
सगळी मशीन चालू केली. अकरा मशीनच्या स्क्रीनवर एकच मजकूर: सिस्टीम डिस्क घाला आणि एंटर दाबा. कुठे घालू? चिपला बोट लावून पाहिलं, चटका बसला. म्हणजे जिवंत आहेत, काम करताहेत. तापू द्यावं.
सात नंबर चालू झालं!! सर्व्हरकडून विंडोजचं सेटअप आपोआप धावत आलं. माझी पद्धत बरोबर आहे याला आणखी काय पुरावा हवा? नानांना बोलावलं. त्यांनी सात नंबरसमोर बसून चहा घेतला. बाकीची चार तास तापवली. किंचित वास.

२० फेब्रुवारी
अकरा मशीन अजून फ्लॉपीच मागताहेत. शिपाई छगन म्हणतो, सर, सर्व्हरना ड्राइव्ह काढीसन एकेकले लावी देऊत ना. याला तत्त्व म्हणजे काय ते ठाऊक नाही. ठाम नकार दिला.
हाशमभाईंनी मशीनसाठी कव्हरं शिवून आणली. निळी, पांढऱ्या पायपिंगची. काम फार नीट. मुलगी कशी आहे विचारलं. म्हटलं, हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीत हात घालते. ते खूश होऊन म्हणाले, घरीही तसंच, बाही बरोबर बसल्याशिवाय हातातून सोडत नाही. मी म्हटलं, मी तेच म्हणतोय. माझी पँट खाली लोंबते, ती त्यांच्याकडे टाकली.

२६ फेब्रुवारी
नानांनी लेखी अहवाल मागितला. लिहिला. 'चिप्स विद्यार्थ्यांच्या हाताळणीमुळे निकामी झाल्या.' यात खोटं काय? विद्यार्थ्यांनी चिप हाताळलीच होती. नानांनी नाव विचारलं, सांगितलं. किती चिप्स ते त्यांनी विचारलं नाही, मीही वाढवलं नाही. अहवाल थोडक्यात असावा.

३ मार्च, सोमवार
नानांनी चौकशी होईपर्यंत कनीजचा परीक्षेचा फॉर्म अडकवून ठेवला. असं काही माझ्या मनात नव्हतं. उद्या बोलतो त्यांच्याशी.
हाशमभाई दुपारी व्हरांड्यात उभे होते. म्हणाले, सर, तुम्ही नानांना फक्त एक शब्द टाका. म्हटलं, टाकतो.

४ मार्च
नाना जळगावला.

५ मार्च
नाना आले, पण मूड बरा दिसला नाही.

८ मार्च
डोकं दुखत होतं. ऊन आत्ताच केवढं!

११ मार्च
नानांच्या केबिनपर्यंत गेलो होतो. आत पाहुणे. कनीज जिन्यात भेटली. काही विचारलं नाही, नुसती बाजूला झाली. विचारलं असतं तर सांगितलं असतं, बोलणार आहे म्हणून.

१५ मार्च, शनिवार
परीक्षा पार पडली. नानांच्या हुकमावरून छगनने दोन दिवस सर्व्हरचा ड्राइव्ह काढून अकरा मशीनला पाळीपाळीने लावला. प्रत्येकाला तेरा फ्लॉप्या. मी निषेध नोंदवला, तोंडी.
धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी खिशातून प्रश्नांची फ्लॉपी काढली आणि विचारलं, ही कुठे घालायची? मी त्यांना व्हायरसबद्दल समजावून सांगत होतो, तोवर छगन ड्राइव्ह आणि पट्टीची वायर घेऊन पुढे झाला. परीक्षक माझ्याकडे पाहत राहिले.
एकवीस मुलं बसली. कनीजला सात नंबर मिळाला असता. त्यावरचं कव्हर तसंच होतं. मला काढावंसं वाटलं नाही. पेपर सोपा होता, तिने अर्ध्या वेळात टाकला असता. वाईट वाटलं. पण परीक्षा ऑक्टोबरलाही असते.

२६ मार्च, बुधवार
कंपनीचा इंजिनियर नव्या अकरा चिप्स घेऊन आला. नाना स्वतः हजर. त्याने झाकणं उघडली आणि हसत सुटला. अकराच्या अकरा उलट्या बसवलेल्या, म्हणून जळाल्या. छगनने मोठ्याने विचारलं, बठ्ठा उलटा? एवढं मोठ्याने विचारायची गरज नव्हती.
मग सात नंबर उघडलं. चिप सुलटी, आणि चिपवरून कार्डावर गेलेली निळ्या खडूची बारीक रेघ, कोणालाही कळावं कुठे काय जुळवायचं ते. इंजिनियर म्हणाला, हे कोणी केलं? माणूस जाणकार आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, मी.
नाना म्हणाले, छान, मग बाकीच्या अकरांनाही अशाच खुणा करून तूच बसव, आमच्यासमोर. मी फळ्याचा खडू घेतला. इंजिनियर म्हणाला, हा जाड आहे, भुगा पडेल, तोच चपटा निळा द्या. तो खडू कुठे आहे, असं नानांनी विचारलं. मी ड्रॉवर उघडला. दुसरा उघडला. तिसराही उघडला. छगन म्हणाला, सर, तो ते टेलरना खडू शे, हाशमभाईकडून लई येस.
तो गेला. वीस मिनिटं गेली. मी तिन्ही ड्रॉवर पुन्हा एकदा पाहिले.
छगन खडू घेऊन आला आणि दारातूनच निरोप दिला: कनीज बोलनी, सरले सांगजो, खाचले खाच लावा, बठ्ठा चालू व्हतीन.
नाना माझ्याकडे बघत होते. मी चिपकडे. खाचेला खाच लावत गेलो. अकराही मशीन चालू झाली, एकामागोमाग, फ्लॉपीशिवाय, वायरीतून, अगदी मी जानेवारीत सांगितलं होतं तशीच. कोणी टाळी वाजवली नाही.

२९ मार्च, शनिवार
लॅबची चावी छगनकडे. मला पुन्हा अकरावीचं गणित. तब्येतीला बरंच.
नाना परवा स्वतः ऑक्टोबरचा फॉर्म घेऊन हाशमभाईंच्या दुकानात गेले होते. कनीज उठून उभी राहिली, फॉर्म घेतला नाही. जिनिंगवाल्याने दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. आता लग्नसराई आहे, बाह्या लावायच्या आहेत, म्हणाली. मी नानांना काय सांगायचं ते तीन आठवडे मनात घोळवत होतो, वाक्यसुद्धा जुळलं होतं. आता ते कोणाला सांगू?
संध्याकाळी छगन माझी पँट घेऊन आला. हाशमभाईंनी शिलाई घेतली नाही, सरांकडून नको म्हणाले. खाली पायाच्या मोहरीवर निळी रेघ अजून पुसट दिसते. पँट बरोबर बसली. पण घालावीशी वाटत नाही.