बारा बिटांचं शून्य

२ मे. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. माणकचंद शेठ यांच्या केळी पिकवायच्या सहा थंड खोल्या आहेत. एका खोलीत तापमान राखणारा माझा कंट्रोलर लावून बघू म्हणाले. जमला तर उरलेल्या पाचही माझ्या. म्हणजे कूलर दुरुस्ती कायमची बंद. हेमलता म्हणाली, आधी शेजारच्या काकूंचा कूलर तरी देऊन टाका. बायकोला दूरचं दिसत नाही.

४ मे.
खोल्या मगननाना सांभाळतात. सेन्सरचा सिग्नल इवलासा, तो अॅम्प्लिफायरने मोठा केला की शून्य जागा सोडतं. मग नाना स्क्रूड्रायव्हरने प्रीसेटचा बारका स्क्रू पाव वळसा फिरवतात, केळ्यांना हात लावतात, परत फिरवतात. मी त्याजागी डॅक नावाची चिप घालणार. आकडा द्यायचा, तेवढा व्होल्टेज तो बाहेर काढतो. तो सिग्नलमध्ये मिळवला की शून्य पक्कं. बारा बिट, चार हजार शहाण्णव पायऱ्या. नानांना अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, चहा घे.

९ मे.
आज सर्किट पूर्ण व्हायचं होतं. उन्हामुळे राहिलं. काकूंचा कूलर माझ्याच टेबलापाशी लावलाय. संशोधनाला गारवा लागतो.

१३ मे. दुपारी ३.
वितळत्या बर्फात सेन्सर बुडवायचा आणि डिस्प्ले शून्य दाखवेपर्यंत डॅकचा आकडा बदलायचा, इतकं सोपं. पण फ्रीजमधला बर्फ पाहुण्यांच्या सरबतात गेला. पिंप्राळ्याच्या कुल्फीवाल्याने पिंपातला बर्फ डबाभर दिला. हेमलता म्हणाली, त्यात मीठ असतं. म्हटलं, सेन्सर स्टीलच्या नळीत आहे, त्याला चव कळत नाही. २७१८ वर शून्य आलं. चिपमध्ये लॉक करून टाकलं. आता कोणी हलवू शकत नाही.

१५ मे.
कंट्रोलर बसवला. डिस्प्लेवर १६.०, केळी पिकायला हवं तेवढंच, ठाम. शेठनी फोटो काढला. नाना म्हणाले, गारठा जरा जास्त वाटतो. म्हटलं, बाहेर चव्वेचाळीस आहे, आत सोळा गारच लागणार. नानांनी उपरणं कानाभोवती गुंडाळलं. पटलं असावं.

१६ मे.
व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर केला. 'सिग्नल कंडिशनिंग तज्ज्ञ' एका ओळीत मावत नाही. अक्षर बारीक करावं, पण हुद्दा कमी करू नये.

१९ मे.
एव्हाना माल पिवळा व्हायला हवा होता. नाही झाला. ही जातच आळशी दिसते. डिस्प्ले १६.०.

२० मे.
सालं काळवंडली. नानांनी बोलावून घेतलं. शेठ समोर, आणि क्रेटमध्ये खोचलेलं काचेचं थर्मामीटर. नाना म्हणाले, "भाऊ, तुन्हा डबा सोळा सांगस, मन्हं थर्मामीटर आठ सांगस. बठ्ठा माल थंडा पडी गया." मी काचेच्या दर्जाविषयी थोडं बोललो. कोणी ऐकलं नाही.
घरी हेमलताने सांगितलं, मिठाचा बर्फ शून्याच्या खूप खाली जातो, नाहीतर कुल्फी गोठली कशी असती. म्हणजे मी उणे आठला शून्य नाव दिलं होतं. डॅकची यात काही चूक नाही. दिलेला आकडा त्याने अगदी प्रामाणिकपणे पाळला. खोलीभर केळी गेली. जेवण गेलं नाही.

२१ मे.
आकडा बदलायला लॅपटॉप घेऊन निघालो. दारातच आठवलं, चिप लॉक आहे. नवी यायला आठवडा. आज शेठचा फोन उचलला नाही. दोनदा.

२४ मे. संध्याकाळी ६.
डबा काढून आणायला गेलो. तो चालूच होता. डिस्प्लेवर २४.०, आणि नवा माल छान पिवळा होत आलेला. नानांनी बटणाने चोवीस लावलं होतं आणि डब्यावर खडूने लिहिलं होतं: आठ वजा. शेठ नुकसानीचं काही बोलले नाहीत, त्याने जास्तच ओशाळलो. बाकी पाच खोल्या आहेत तशाच राहू द्या, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नवी चिप आली की याचं तरी शून्य नीट करून देतो. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. आते सवय व्हई गयी."
ओलाव्याने खडू पुसट झाला होता. नानांकडून तुकडा मागून घेतला आणि 'आठ वजा' मीच परत ठळक गिरवून आलो.