चावीची लाल दोरी

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं तीन आठवडे टाळलं. खोटं कशाला बोलू, पाकीट आणलं, तिकीट लावलं आणि त्यावर कबुतर काढत बसलो. लाँड्रीतली नोकरी अजून टिकलीय, माझ्या मानाने विक्रमच! हॉटेलांच्या चादरी धुतो. यंत्रं एवढाली, की अडकलेला बोळा काढायला माणूस पिंपात शिरतो. शिरणाऱ्याने यंत्राची चावी काढून स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे बाहेरून कुणी ते सुरू करू शकत नाही. मी दोनदा चावी यंत्रातच विसरलो. दोन्ही वेळा जोडीदाराने पाहिलं म्हणून वाचलो. काडीसारखा आहे, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात.

तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आळस नव्हे, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकतच नाही. कागद दिलाय: कामं एकेक, लिहून द्यावीत, गोंगाट कमी असावा, आठवण करून देणारा जोडीदार असावा. कागद बुटात आहे. मुकादम एका दमात सात कामं ओरडतो, त्याला दाखवला तर हाकलेलच.

राग धर, पण माया पातळ करू नकोस.
तुझा भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कबुतर झकास, पण निम्मा पत्ता त्याच्या पंखाखाली गेलाय. पोस्टमन ओळखीचा म्हणून पत्र पोचलं.

हसून झालं, आता ऐक. बाबांचा हात लाकडाच्या गिरणीत गेला तेव्हा सगळे म्हणाले, धांदरट माणूस. वीस वर्षं तेही स्वतःला तेच म्हणत आले. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. जोडीदाराने पाहिलं म्हणून वाचलो, हे ऐकलं तसे उठून आत गेले. गिरणीत त्यांच्यावर नजर ठेवणारं असं कुणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचे, तेव्हापासून तेही बंद.

कागद कचेरीत दे, मिळाल्याची सही घे. आणि चावीला लांब लाल दोरी बांध. ती गळ्यात पडल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही, माझी शपथ आहे.

दोन ओळी तरी खरडत जा, जीव टांगणीला आहे.
ताई

२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद दिला. कचेरीतल्या बाईंनी गोड बोलून सही केली, वर पाठवते म्हणाल्या. वरून तो मुकादमाकडेच आला. सगळ्यांसमोर म्हणाला, साहेबांना शांतता हवीय ना, घ्या शांतता. आता मी मागच्या शेडमध्ये सगळ्यात मोठ्या यंत्रावर, एकटा. पैलवान पुढेच राहिला. इथे पाण्याचे थेंब मोजता येतात. मी मोजतोही, आणि मग काय करत होतो ते विसरतो.

आज सकाळी पिंपात होतो. बाहेर पावलं वाजली. मग बटण दाबल्याचा आवाज. टक. जरा थांबून पुन्हा टक. ओरडलो, पण आतला आवाज आतच फिरतो. हात गळ्याकडे गेला. दोरी होती.

बाहेर मुकादम. म्हणाला, यंत्र थांबलेलं दिसलं, आत कुणी आहे हे मला कोण सांगणार? खरंच आहे, सांगणारा त्यानेच काढून घेतलाय. जाताना दोरीकडे बघून म्हणाला, उद्यापासून चावीला लटकन नको. आणि उद्या बोळा काढायचाच आहे. ताई, नेहमीसारखं निघून जावं असं

थांब. पैलवान धापा टाकत आलाय. गेटवर एक म्हातारे उभे आहेत म्हणतो, उजवी बाही पिनेने खांद्याला लावलेली. मला नाही विचारलं त्यांनी. मुकादम कुठे बसतो, एवढंच विचारलं.

ताई, बाबा आलेत.