आत्याचं वाक्य

३ फेब्रुवारी
नाही म्हणजे नाही! किती वेळा सांगू गाईड मॅडमना — भागिरथा आत्याचं ते वाक्य माझ्या प्रबंधात येणार नाही.

'नवरा मेला तवा मले रडूच नाही आलं. वाटलं, सुटली बाप्पा मी.'

"अख्ख्या कामातलं हेच तर सोनं आहे, नीलिमा!" — मॅडम.

विधवांवर पीएचडी करतेय, आणि सोनं सापडलं ते सख्ख्या आत्याच्या चुलीपुढं. भाकर थापता थापता बोलली. मोबाईल रेकॉर्ड करतोय हे विसरलीच होती.

५ फेब्रुवारी
"संमतीपत्रावर सही आहे ना त्यांची?"

आहे. पण माझ्यासाठी केली तिनं, विद्यापीठासाठी नाही! वाचलंही नाही. 'तू म्हंतं तं करतो' म्हणाली.

"संशोधकानं अंतर ठेवावं लागतं." कुठून आणू अंतर? तिच्या मांडीवर वाढले मी!

९ फेब्रुवारी
एक ओळ लिहून झाली नाही. नुसती चिडचिड.

१४ फेब्रुवारी
मॅडमनी लेख छापला! वेब-मासिकात, दोघींच्या नावानं. मला विचारलंसुद्धा नाही. वाक्य आहे. आत्याची 'शांताबाई' केलीय. आणि पुढं — शिरपूरजवळचं गाव, अंगणवाडीत मदतनीस, मुलगा रिसोडला बँकेत. अशी दुसरी बाई आहे का तिथं?

मॅडमना फोन केला. "नाव बदललं ना? मग झालं."

झालं!

१५ फेब्रुवारी
लेख गावच्या ग्रुपवर फिरतोय. आत्याच्या मुलाचा, धम्मरत्नचा फोन —

"काहून केलं तू असं? माह्या मेलेल्या बापाले बदनाम केलं! परवा त्याच्या पुण्यतिथीचं पुण्यानुमोदन हाये. लोकाईले काय तोंड दाखवू?"

मी नाही छापलं, म्हणाले.

"मंग रेकॉर्ड कोनं केलं?"

आत्याला फोन दे म्हटलं. दिला नाही.

१६ फेब्रुवारी
मॅडमना कळवलं — लेखावरून माझं नाव काढा, नाहीतर लेखच काढा. "भावनेच्या भरात करिअर घालवशील." आत्याचा फोन बंद. गावी जाऊ का? कोणत्या तोंडानं?

१८ फेब्रुवारी
सकाळी दार वाजलं. आत्या! हातात कापडी पिशवी. एसटीनं एकटीच वाशीमला आलेली. मी दारातच रडत माफी मागायला लागले.

"ते राहू दे. काल पुण्यानुमोदनात साऱ्याईसमोर उभी राह्यली. म्हनलं, ते शांताबाई म्हंजे मीच. खरं तेच बोलली. आता पोरगा घरात घेत नाही." पिशवी माझ्या हातात दिली. "सरक, आत येऊ दे."