उद्घाटनाआधीचं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण सकाळपासून तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती कुणापुढे ओकावी कळत नाही. आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत आज नव्या बोअरिंगचं उद्घाटन झालं. आमच्या आमदारसाहेबांनी स्वतःच दहाची वेळ दिली होती. आले पावणेदोनला. फीत कापली, नारळ फोडला, दोन फोटो काढले, 'बहुत अच्छा, बहुत अच्छा' म्हणाले आणि गाडीत बसले. सहा मिनिटं, बाबा! त्यांच्या माणसाने फोनवरून दोनशे जणांचं जेवण सांगून ठेवलं होतं. बरोबरच्या लोकांनी उभ्या उभ्या पनीर चिवडलं, बाकीचं सगळं संध्याकाळी गेटाबाहेर ओतावं लागलं. कुत्रीसुद्धा खाऊन खाऊन शेवटी निघून गेली.

तेव्हा तुमचं ते सरकारी अतिथीगृह आठवलं. माझा दहावीचा निकाल लागलेला, मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आपल्या क्वार्टरमधून बस पकडून तडक तुमच्याकडे आलेय. भोजनकक्षाची व्यवस्था तुमच्याकडे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही दारात उभे आहात. एक वाजता जेवायला येणारे लोकप्रतिनिधी तीन वाजले तरी आलेले नाहीत. गार पुरी वाढायची नाही असा तुमचा दंडक, म्हणून पुऱ्यांचा दुसरा घाणा चाललाय. मी म्हणते, बाबा, फर्स्ट क्लास मिळाला, आणि ताटातली एक पुरी उचलते. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातावर फटका मारलात. "पाहुणे यायचेत अजून," एवढंच म्हणालात.

पाहुणे आलेच नाहीत. चार वाजता निरोप आला, दुसरीकडे जेवण झालं म्हणून. सगळं अन्न पिंपात गेलं. बाहेर नेलं तर ती चोरी, असा तिथला नियम, त्यामुळे आचाऱ्यांनाही घरी नेता येईना. मी चिडून विचारलं, तुम्ही नुसते उभे काय राहता? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "उभं राहायचाच पगार आहे मला." मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. पुढे नोकरीत, मैत्रिणींत, नवऱ्यापाशीसुद्धा मी हा किस्सा कितीदा तरी सांगितला, आणि दरवेळी शेवटी म्हणायचे, आमचे बाबा म्हणजे अगदी होयबा. तुमच्या माघारी असं बोलायला नको होतं.

कारण लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशी माझी गत आहे. हे बोअरिंग आज तयार झालेलं नाही. अठरा दिवसांपूर्वीच पंप बसला, पाणी तपासून झालं, नळ लागले. पण काम साहेबांच्या निधीतलं, दगडावर त्यांचं नाव कोरलेलं, तेव्हा उद्घाटनाआधी नळ सोडू नका असा त्यांच्या माणसाचा फोन आला. लेखी काही नाही, नुसता फोन. दोनदा तारीख दिली, दोनदा रद्द केली. मे महिना, टँकर सकाळी येणार, आमच्या इमारतींना लिफ्ट नाही. लोक बादल्या घेऊन जिने चढत होते आणि पंपाच्या खोलीला कुलूप होतं. ते लावलं सोसायटीच्या सेक्रेटरीने, म्हणजे मी. कुणी कुरकुर केली की मीच समजावायचे, अहो, चार दिवस थांबा, बरं दिसत नाही. वेळ न पाळणाऱ्या पुढाऱ्यांवर वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारी मी!

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. गेल्या गुरुवारी बादली घेऊन चढताना त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, पण पुन्हा चालतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. त्यांचा मुलगा बंगळूरहून आला. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, आंटी, आईने एकदा नुसतं सांगितलं असतं तर कुणीतरी नळ उघडून दिला असता. मी मान हलवली. हो ना, म्हटलं, मागितलं असतं तर मी लगेच दिलं असतं. सोसायटीतही सगळ्यांना हेच सांगितलंय.

बाबा, त्यांनी मागितलं होतं. पडायच्या आदल्या दिवशी, जिन्यात, माझा हात धरून. "बेटी, एक बाल्टी भर लेने दे. किसी को नहीं बताऊँगी." मी म्हटलं, माताजी, उद्घाटन हो जाने दीजिए.

तुमच्यावर कुणीतरी साहेब होता. माझ्यावर कोण होतं? हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर इतकं लिहू शकले. त्यांचा मुलगा अजून इथेच आहे, आमच्याच जिन्याने रोज ये-जा करतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही.