पान वगळण्याआधी

परभणी, सोमवार, ९ डिसेंबर

अण्णा, तुम्हाला लिहून वर्ष उलटून गेलं. मागच्या वर्षीच्या दिवाळीत दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही अर्ध्यावर सोडल्या. सवड नव्हती असं म्हणणार नाही. रोजची डायरी मी चुकवत नाही. पण तुम्हाला लिहायचं तर खरं लिहावं लागतं, आणि त्याची तयारी नव्हती. त्याबद्दल आधी माफी मागते.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात संगणक नव्हता, म्हणून थोडं समजावून सांगते. आता एक ज्ञानकोश आहे, तो संगणकावर आणि मोबाईलवर असतो. कुणीही वाचावा, कुणीही त्यात लिहावं. मराठीतला हा कोश सांभाळणारी माणसं फार थोडी. शाळेच्या कार्यालयातून घरी आल्यावर संध्याकाळी तासभर मीही त्यात बसते, गावांची पानं नीट करते, चुका काढते. तीन वर्षांपूर्वी मी त्यात एक नवं पान लिहिलं. जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेल्या फाईली नव्या संगणकावर उघडल्या की देवनागरीऐवजी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो मजकूर परत वाचता येईल असा कसा करायचा, त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, कोणतं बटण कधी दाबायचं, हे मी ओळीनं दिलं. ही अडचण कुठल्या कार्यालयात नाही? पान पुष्कळ वाचलं गेलं. मला अभिमान वाटला.

दोन आठवड्यांपूर्वी त्या पानावर पाटी लागली. ‘ही सॉफ्टवेअर वापरण्याची मार्गदर्शिका आहे, ज्ञानकोशातला लेख नव्हे. पान वगळावे.’ लावणारा माणूस कुठला, ते माहीत नाही. तिथे बहुतेक जण टोपणनावानं वावरतात. माझ्या मनात पहिलं हेच आलं की याचा संगणकाचा क्लास असणार आणि फुकटची माहिती याच्या पोटावर येत असणार. दोन संध्याकाळी मी त्याची तिथली सगळी कामं उकरून पाहिली. सापडलं उलटंच. इतरांनी पानांत घुसडलेल्या क्लासच्या जाहिराती हाच माणूस काढत आला होता. तरी संशय गेला नाही. वाटलं, दुसऱ्यांच्या काढून स्वतःला वाट करत असेल.

चर्चेच्या पानावर आमची जुंपली. त्यानं लिहिलं, ‘सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते का लागलं, कुणी केलं, हे कोशानं सांगावं. कोणतं बटण दाबायचं हे मदतपुस्तिकेनं सांगावं. बटणं बदलतात, कोशाचं पान तसंच राहतं, आणि लोक कोशावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.’ मी उलट विचारलं, ‘ज्या भाषेत मदतपुस्तिकाच नाहीत, त्या भाषेतल्या माणसानं जावं कुठे?’ माझा हा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. अडचण वेगळीकडेच निघाली.

कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पाथरीहून एसटीनं ये-जा करते, नोकरीत अजून कायम झालेली नाही. संस्थेतल्या शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी, म्हणजे कोण कधी लागलं आणि कोण कुणाला ज्येष्ठ याची यादी, जुन्या फाँटमधून नव्यात करायचं काम तिच्याकडे होतं. गेल्या गुरुवारी दुपारी तिची बोटं एकदम थांबली.

“ताई, इकडं या ना जरा. हे काय झालंय बघा.”

नावं अर्धीमुर्धी वाचता येत होती. नेमणुकीच्या तारखांच्या जागी नुसते कंस आणि टक्क्याच्या खुणा.

“मूळ फाईल कुठाय?” मी विचारलं.

“हीच की. हिच्यावरच सेव्ह केलं. तसंच दिलंय तिथं.” तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. माझंच पान होतं. “मी काय माझ्या मनानं करायले का, ताई? एवढ्या मोठ्या ज्ञानकोशात दिलंय म्हणल्यावर चुकीचं कसं असंल?”

दारातून शिपाईमामा म्हणाले, “टायपिंगची मशीन होती तवा बरं होतं. कागद तरी हातात राहायचा.”

“मामा, तुमी गप बसा हो. हितं माझा जीव चाललाय.”

मुख्याध्यापक आले, पडदा पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. “बाई, अर्धी संस्था या यादीवर भांडत असती. आता प्रत्येकाचं सेवापुस्तक काढून तारखा पुन्हा भरायच्या, आणि त्यातबी वाद होणार. बुधवारपर्यंत लेखी खुलासा द्या. आणि त्यात ते मोबाईलचं कारण लिहू नका. शाळा मोबाईलवर चालत न्हाई.” मी तिला पाणी आणून दिलं. ते पान मी लिहिलंय, हे कार्यालयात कुणालाच ठाऊक नाही. ती मोबाईल बंद करताना माझ्याकडे पाहत होती, तर तिला कळलं की काय, असं मला वाटून गेलं. घरी येईपर्यंत मी तिच्या त्या नजरेचा अर्थ लावत होते.

अण्णा, त्या कोशात प्रत्येक पानाचा इतिहास राहतो. कुणी काय बदललं, कधी, कशासाठी, सगळं. त्या संध्याकाळी मी माझ्या पानाचा इतिहास उघडला. मी लिहिलेली अगदी पहिली ओळ अशी होती: ‘आधी मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवा, तिला हात लावू नका.’ पुढे काही महिन्यांनी कुणीतरी टोकलं होतं की हे पान मार्गदर्शिकेसारखं वाटतं. मग ते वाचवायला मी त्याला लेखाचे कपडे चढवले. पायऱ्यांचे आकडे काढले, वर फाँटच्या जन्माची हकीकत जोडली, आणि वाचणाऱ्याला काही बजावणारं प्रत्येक वाक्य पुसलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘उपदेश काढला.’ सगळ्यात आधी ती पहिली ओळ गेली. बटणं राहिली आणि सावधगिरी गेली.

मानवतला कापसाच्या दुकानावरचा तुमचा टायपिंगचा वर्ग आठवतो आहे. मी दहावीत आहे, तुम्ही खाली गेला आहात, बाकावर एक माणूस तहसीलच्या अर्जासाठी बसला आहे आणि मी मोठ्या तोऱ्यात तो अर्ज टाईप करते आहे. तुम्ही जिना चढून येता, कागद मशीनमधून ओढून काढता. “कार्बन कुठाय?” मी म्हणते, एकच तर अर्ज आहे अण्णा. “लय शहाणी झालीस. अर्ज गहाळ झाला तर या माणसाजवळ काय ऱ्हायलं?” त्या माणसाला तुम्ही चहा पाजलात आणि मला तो अर्ज त्याच्यासमोर पुन्हा करायला लावलात. मला आठवडाभर तुमचा राग होता.

आणखी एक दिवस. परभणीचा पुस्तकवाला तुमच्याकडे आला होता, घरबसल्या टायपिंग शिकवणारं पुस्तक लिहून द्या म्हणून. आई आत भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाजही थांबला, इतकी ती ऐकत होती. तुम्ही नाही म्हणालात. “पुस्तकाला समोरच्याची बोटं दिसत न्हाईत. तो चुकला तर मी त्याला थांबवू कसं?” मला तेव्हा वाटलं, वर्ग ओस पडेल म्हणून तुम्ही भ्यालात. बोलून दाखवलं नाही, पण तुमच्या प्रामाणिकपणावर मी त्या दिवशी शंका घेतली. आजही खात्रीनं सांगता येत नाही; कदाचित दोन्ही कारणं थोडी थोडी खरी असतील. त्या पाटी लावणाऱ्यावर मी तोच जुना आरोप नव्यानं ठेवला, एवढं मात्र दिसतं.

आज दुपारी मी चर्चेत लिहिलं, ‘माझा विरोध मागे घेते. पान वगळावं.’ तासाभरात त्याचं उत्तर आलं, ‘उद्या दुपारी पान वगळलं जाईल. आपला मोठेपणा.’ मोठेपणा हा शब्द मला तेव्हापासून टोचतो आहे. कारण पान वगळलं की त्याचा इतिहासही लोकांच्या नजरेआड होतो. शनिवारी त्यानं मला विचारलं होतं, ‘प्रत ठेवण्याचं वाक्य आधी होतं, ते का काढलं?’ तेव्हा मला ती धमकी वाटली. आज वाचलं तर साधा प्रश्न आहे. मला आता मनापासून पटलं आहे की असली पानं कोशात नसावीत. बटण दाबायला सांगणाऱ्यानं आधी ठासून बजावलं पाहिजे, आणि कोशाला बजावता येत नाही. पण हे मला पटलं ते नेमकं पटण्यात माझा फायदा असताना. दुसऱ्या कुणाचं मत असं सोयीच्या दिवशी बदललं असतं, तर मी त्याचं एक अक्षर खरं मानलं नसतं.

हे पत्र डायरीतच राहील. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ती बंद करता येणार नाही. आज सुट्टीच्या वेळी शेजारच्या टेबलावरची ती बाई तिच्या खुलाशाचा कागद घेऊन आली. “ताई, तुमचं मराठी चांगलं हाय, जरा नीट करून द्या ना.” कागदावर ‘निष्काळजीपणामुळे चूक झाली’ असं होतं. ते मी खोडलं नाही. वाक्य नीट व्हावं म्हणून त्याच्या आधी ‘केवळ माझ्या’ हे दोन शब्द मी माझ्या हातानं घातले. ती मला थँक्यू म्हणाली.

उद्या दुपारी पान जाईल.

उद्याचं काम: शाळा भरण्याआधी त्या पानाचा इतिहास छापून, पहिल्या ओळीखाली आणि माझ्या टोपणनावाखाली रेघ मारून, मुख्याध्यापकांच्या हातात स्वतः देणे.